मावशीचं ओलं फडकं

आमच्या घरमालकिणीच्या घरात एकच दार कुरकुरायचं, ते पुढचं. बाकी सगळ्या बिजागऱ्यांना, आडाच्या रहाटाला, झोपाळ्याच्या कड्यांना, विळ्याच्या पात्याला ती न चुकता एरंडेल घालायची. पुढच्या दाराच्या वाट्याला मात्र थेंब नाही. एकदा माझ्या बापानं भलं करायचं म्हणून तिच्याच बुधल्यातलं जरासं तेल त्या दाराला सोडलं. दार मऊ झालं. ती बाजारातून आली, दार ढकललं, आवाज आला नाही, तशी उंबऱ्यातच थबकली. मग चुलीतली राख आणून तिनं बिजागरीत भरली आणि दार पुन्हा रडायला लागेपर्यंत ते पुढं-मागं हलवत राहिली.

"मानूस न बोलता आत येते," ती बापाला म्हणाली. "दार बोललं पायजे."

आम्ही आदिलाबादेत तिच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. बाप मूळचा जैनथकडचा, भाजीच्या मळ्यावर वाढलेला; शहरात त्याचं भाजीचं दुकान होतं. माय आणि तो दोघंही निरक्षर. मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. हे आधीच सांगून टाकते, कारण ते सांगायला मला आवडतं, आणि पुढं जे सांगायचं आहे ते त्याच्याशीच जोडलेलं आहे.

घरमालकिणीला सगळी गल्ली मावशी म्हणायची. तिला सख्खं भाचरू एकही नव्हतं. नवरा कापसाची दलाली करायचा म्हणत, पण त्याला पाहिलेलं माणूस मला कधी भेटलं नाही. तो मेला, की भैंशाला दुसरं घर करून राहिला, की मुळात नव्हताच, याबद्दल गल्लीत तीन पक्ष होते. मावशी तिघांनाही दुजोरा द्यायची नाही.

ती माणसाचं तोंड नंतर बघायची, टाच आधी. "तोंड तं सारेच धुऊन येतात," म्हणायची, "टाच कोन धुते?" तिच्या स्वतःच्या टाचा उन्हाळ्यातही लोण्यासारख्या. रोज दिवेलागणीला पायाला, हाताच्या कोपरांना, केसांच्या मुळांना आणि सगळ्यात शेवटी पापण्यांना करंगळीनं एरंडेल लावायची. माणसांचं झालं की घराचं. चपलांना तेल, लाकडी पाटांना तेल, वर्षाच्या तुरीच्या डाळीला तेलाचा हात, म्हणजे कीड लागत नाही. तिच्या घरात शिरलं की तो एक जड, हिरवट, भाजल्यासारखा वास नाकात बसायचा. शाळेत माझ्या बाकावरच्या मुली म्हणायच्या, तुझ्या वहीलासुद्धा येतो.

दुकानातलं एरंडेल ती हातात धरत नसे. आमच्याकडं त्या तेलाला तीन नावं. आम्ही एरंडेल म्हणायचो, तेलुगू शेजारी आमुदम म्हणायचे, आणि बाजारात पठाणाच्या दुकानी अरंडी का तेल मागायचं. मावशीचं मत असं की ज्या वस्तूला तीन नावं, तिच्यात तिघांची भेसळ. म्हणून परसातल्या कुंपणाला तिनं एरंडाची झाडं लावली होती. बोंडं वाळवायची, बी भाजायचं, उखळात कुटायचं आणि मोठ्या भगुन्यात पाणी घालून शिजवायचं. तेल वर यायला लागलं की ते निपटून दुसऱ्या भांड्यात घ्यायचं आणि त्यातलं पाणी आटेस्तोवर पुन्हा कढवायचं. उरलेला चोथा शेळीच्या तोंडी लागू नये म्हणून खड्डा करून पुरायचा. बी विखारी, तेल औषध, हे ती आम्हा पोरांना दम देऊन सांगायची.

हे सगळं दारं-खिडक्या लावून. बाहेरच्याची नजर पडली तर तेल वर येत नाही, अशी तिची पक्की समजूत. आत जाळ, वर धूर, दार बंद. लोकांना एवढं पुरेसं होतं. रझाकारांच्या दिवसांत मी लहान होते. तेव्हा म्हणत, बाई आत कोणाला तरी लपवते. पोलिस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तेव्हा म्हणायला लागले, आत कोणाचं तरी सोनं गाळते. मग आबकारीवाल्यांना कोणीतरी सांगितलं की आत मोहाची दारू निघते. एक जवान आला. मावशीनं त्याला उंबऱ्याबाहेरच उभं केलं आणि बुधला दाखवला. त्यानं वास घेतला, पटला नाही. ती म्हणाली, चाखून पाय, म्हणजे चाखून पाहा. त्यानं संशयानं चांगला घोटभर घेतला. पुढं दोन दिवस तो नाक्यावर दिसला नाही, आणि नंतर दिसला तेव्हा आमच्या गल्लीतून न जाता लांबून वळसा घालून जायचा.

"चाखून पाय" हे परक्यासाठी. घरच्यांसाठी तिचा शब्द होता "पुसून पाय." नव्या लुगड्याचा रंग, हळद, भांड्याची कल्हई, सगळं ती ओल्या बोटानं पुसून बघायची. माझ्या मॅट्रिकच्या सर्टिफिकिटावरचा शिक्कासुद्धा तिनं थुंकी लावून पुसला. शिक्का पसरला. ती समाधानानं म्हणाली, शाई तरी खरी हाय. पुढं कॉलेजच्या कारकुनानं त्या डागावरून मला अर्धा तास उभं केलं.

राज्यं भाषेवर वाटली गेली तेव्हा तर तिला पुसायला अख्खं गाव मिळालं. किनवट मुंबई राज्यात गेलं, राजुरा गेलं, आम्ही आंध्रात राहिलो. कचेरीवरच्या उर्दू पाटीवर रंग मारून तेलुगू अक्षरं काढली. मावशी तेलाचं फडकं घेऊन गेली आणि रंग ओला असतानाच एक कोपरा पुसून आली. खालून जुनं अलिफ वर आलं. चपराशी तिच्या मागं धावला, तर ती वळून त्यालाच म्हणाली, "पाय, खाली जुनंच हाय. तुले नवीन सांगतलं काय?"

मला मात्र तिच्या तेलाचा राग यायचा, आणि त्याला कारण होतं. शाळेत असताना मला मुदतीचा ताप आला. जीव वाचला, पण डोक्यावरचे केस गेले आणि भिवयाही गेल्या. आरशात मला माझं तोंड उकडलेल्या बटाट्यासारखं दिसायचं. मायनं मला मावशीच्या हवाली केलं. रोज दिवा लागला की मी तिच्यासमोर मांडी घालून बसायची आणि ती कपाळावर, भिवयांच्या जागी, तेल चोळायची. चोळताना उलटतपासणी चालायची. आज काय शिकवलं? पृथ्वी गोल आहे. कोण म्हणते? गुरुजी म्हणतात. त्यायनं पायली काय? पुस्तकात आहे. पुस्तक कोणं लेहलं? मी चिडायची. तरी दुसऱ्या दिवशी वर्गात गुरुजी काही सांगायला लागले की माझ्या मनात आपोआप यायचं, हे खरं कशावरून? हा प्रश्न मी दोन-तीनदा मोठ्यानं विचारला आणि छड्या खाल्ल्या. मोठ्या बाईंनी एकदा ऐकलं, त्यांनी छडी मारली नाही. मायला बोलावून सांगितलं, पोरीला मॅट्रिकनंतर नांदेडला पाठवा, मुलींचं वसतिगृह आहे, मी लिहून देते.

केस आले, भिवयाही आल्या, दाट आल्या. तापात गेलेले केस आपले आपण परत येतात, हे मी पुढं वाचलं. मावशीला ते सांगायची छाती झाली नाही.

मॅट्रिक झाले त्या वर्षी बाजारात वेगळीच हवा होती. कोणी म्हणे, इकडच्या मराठी पोरींना आता मराठी नवरा मिळायचा नाही. कोणी म्हणे, पैनगंगेपलीकडं दिलेल्या लेकीला माहेरी यायला परवाना लागेल. बाप दिवसभर दुकानात हेच ऐकायचा आणि संध्याकाळी ते घरी घेऊन यायचा. त्याला वाटायला लागलं, हद्द घट्ट व्हायच्या आत पोरगी त्या बाजूला जाऊ द्यावी. किनवटकडचं स्थळ आलं. पोराची कापसाची शेती, किराण्याचं दुकान, वय विशीतलं. नांदेडचं वसतिगृह घरात कोणी पुन्हा काढेना. मी काढलं, तर बाप म्हणाला, नांदेड काय आन् किनवट काय, दोन्ही तिकडंच हाय. मी त्या रात्री जेवले नाही. सकाळी मायनं माझ्यापुढं भाकर ठेवली आणि एवढंच म्हणाली, पोराले पाहू तं दे.

पाहुणे आगगाडीनं आले. पोरगा, त्याचा मामा आणि त्याची आत्या. बापानं आदल्या दिवशी मावशीला हात जोडून सांगितलं होतं, बाई, उद्या जराशा तुमी आतच राहा. ती म्हणाली, माह्याच घरात मले आत बसवून राह्यला काय? पण बसली. मधलं दार लावून घेतलेलं आम्ही पाहिलं.

मी पोहे देऊन खाली बसले. पोरगा माझ्याकडं न बघता पोह्यांकडं बघत होता. मिशी भरघोस, काळीकुट्ट. मामा हद्दीबद्दल बोलत होता, आता तुमचा दर निराळा न् आमचा दर निराळा, वगैरे. आत्या काहीच बोलत नव्हती, ती माझं कपाळ न्याहाळत होती. मग तिनं मायला विचारलं, तापात पोरीच्या भिवया गेल्या होत्या म्हणे, खरं काय? माय म्हणाली, गेल्या होत्या, आल्या. आत्या म्हणाली, काजळानं काढल्या तं नाई? आणि माय तोंड उघडायच्या आत तिनं अंगठा जिभेला लावला आणि माझ्या भिवईवर घासला. एकदा घासला, दाबून पुन्हा घासला. कातडी चुरचुरली. मग अंगठा उजेडात धरून तिनं मामाला दाखवला, "खऱ्या हायेत."

माझा बाप दुकानात गिऱ्हाइकाला वांगं दाबू देत नसे. त्या दिवशी तो खाली बघत बसला.

मधलं दार उघडलं. त्याला आवाज नव्हताच. मावशी पाण्यात पिळलेलं ओलं फडकं हातात घेऊन बाहेर आली आणि सरळ पोराच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"पोरीचं पाहून झालं," ती म्हणाली. "आता पोराचं पाहू."

लहान पोराचं नाक पुसताना धरतात तशी तिनं त्याची हनुवटी धरली आणि मिशीवरून फडकं फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. कोणाला काही कळायच्या आत फडकं खिडकीच्या उजेडात होतं. त्यावर दोन काळे ओरखडे.

 मग मामा हसला. म्हणाला, बाई, आगगाडीची काजळी हाय ते, पोरगा खिडकीत बसला होता. हे पटण्यासारखं होतं. इंजिनाजवळच्या डब्यात बसलं की माणूस काळा होऊनच उतरायचा. मावशीनं तो काळा डाग चिमटीत घेऊन चोळला, नाकाशी नेला.

"गाडीची काजळी खरखरते," ती म्हणाली. "हे मऊ हाय. एरंडीच्या दिव्याचं काजळ हाय, तेलात खललेलं. मी आपल्या हातानं पाडते, मले वळखू येनार नाई?" आणि बापाकडं वळून, "मिशी रंगवून आनलं याले. वय इचारा, बाप्पा. खरं वय इचारा."

बापानं वय विचारलं नाही. पोरगा उठला. त्याचे कान लाल झाले होते. "मामा, चला," एवढंच म्हणाला. मी आयुष्यभर त्या दोन शब्दांवर विचार केला आहे. खोटं पकडलेला माणूसही असाच उठतो, आणि खऱ्याचा अपमान झालेला माणूसही असाच उठतो. आत्या जाताना गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बरंच बोलली. पुढचं दार त्यांच्यामागं कुरकुरत राहिलं.

बापानं मावशीशी बोलणं टाकलं. घर सोडायचं म्हणून तो सगळ्या आदिलाबादेत हिंडला. पण आंध्राकडून बदलून आलेल्या तेलुगू नोकरदारांनी खोल्या भरून गेल्या होत्या, कुठं जागा मिळेना. म्हणून एकाच अंगणात दोन तोंडं फिरवलेली घरं. भाडं माय नेऊन द्यायची. गावात बोभाटा झाला होता. त्या हंगामात दुसरं स्थळ आलं नाही, आणि किनवटकडून तर येणारच नव्हतं. मग एका दुपारी माय बापाला म्हणाली, नुसती घरी बसवून काय करता, वर्षभर शिकू द्या, पुढच्या साली पाहू. बापानं हो म्हटलं नाही, पण माझी पेटी गाडीत त्यानंच चढवली. पुढचं साल आलं तेव्हा मी दुसऱ्या वर्गाला होते, आणि मग तो स्वतःच लोकांना सांगायला लागला, आमची पोरगी कॉलेजात हाय.

मी नांदेडला निघाले तेव्हा मावशीनं मला आशीर्वाद दिला नाही. म्हणाली, आता मले तेलुगू नोटिसा कोन वाचून दाखवल? ते खरंच होतं. मराठी, उर्दू आणि तेलुगू तिन्ही वाचणारी त्या गल्लीत मी एकटी, आणि माझ्याशिवाय कोणी वाचलेलं तिला पटत नसे. तिथं मला पहिल्यांदा शंका आली. हिनं ते स्थळ माझ्यासाठी मोडलं, की घरपट्टीच्या नोटिसांसाठी? तिच्यासोबत राहून माणसाला चांगुलपणाही सरळ घेता येत नाही, असं होऊन जातं. माझं तसंच झालं. सुट्टीत जाता-येता किनवटला गाडी थांबली की मी खिडकीतून फलाटावरच्या मिशा बघायची. एकदा तो दिसला, निदान मला तसं वाटलं. पोत्यांजवळ उभा होता, मिशी काळीकुट्ट. खरी होती की केलेली, गाडीतून कसं कळणार?

दुसरी शंका वसतिगृहात आली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. माझ्या खोलीतली मुलगी घरचं एरंडीचं काजळ लावायची. एका सणाला चुकून ते तिच्या कपाळाला फासलं गेलं आणि ती ओल्या फडक्यानं पुसत बसली. निघेना. पाणी त्याच्यावरून नुसतं घसरायचं. शेवटी बोटाला तेल लावलं, तेव्हा सुटलं. मी तिच्या हातातल्या फडक्याकडं बघत राहिले. जवळजवळ कोरंच होतं.

म्हणजे किनवटच्या पोरानं ते काजळ मिशीला लावलं असेल, तर मावशीच्या पाण्यानं ओल्या फडक्याला ते इतकं सहज, दोन फेऱ्यांत, कसं लागलं? गाडीची काजळी असेल तर लागेल. आणि फडकं आतल्या खोलीतूनच काळं करून आणलं असेल, तरी लागलेलं दिसेल.

हे मी कोणाला बोलले नाही. बापाला तर नाहीच. बी.ए.चा निकाल लागला, बापानं दुकानावर येणाऱ्याजाणाऱ्याला पेढे दिले, आणि त्या दिवशी एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा एक पेढा मावशीलाही पाठवला. नेऊन द्यायला मी गेले. ती परसात एरंडाची बोंडं फोडत बसली होती. हात थकले होते, पण टाचा तशाच. पेढा तिनं मोडून आत बघितला, मग खाल्ला.

मी सरळ विचारलं. "मावशी, ते फडकं आधीच काळं होतं का?"

तिनं वर पाहिलं नाही. कोणतं फडकं, असंही म्हणाली नाही. दाराकडं एक नजर टाकली. "कोनं पाठवलं तुले? बापानं?"

"कोणी नाही. माझी मीच विचारते."

"फडकं तुह्या समोर होतं," ती म्हणाली. "तू मॅट्रिक झालेली होती. तवा काऊन नाई इचारलं?"

तिच्याशी खोटं बोलून उपयोग नसायचा, म्हणून मी खरं ते सांगितलं. "मला नांदेडला जायचं होतं."

तिनं एक बोंड फोडलं, बी तळहातावर घेऊन फुंकलं, टरफल उडालं.

"मंग आता काऊन इचारून राह्यली?"